पहिली क्रूझ: पाच जण, सात रात्री आणि जहाजाचं घड्याळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा-बायको, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि सहा वर्षांची मुलगी असं कुटुंब पहिल्यांदाच सात रात्रींच्या क्रूझवर निघालंय. केबिन कुठली घ्यावी, बोट लागली तर काय करायचं, बंदरात आपापलं फिरलं तर चालतं का, आणि तिकीट भरल्यावरही आणखी किती पैसे लागतात?

हॉटेलात पोहोचायला चार तास उशीर झाला तरी खोली आपलीच असते. जहाज मात्र ठरल्या वेळी धक्का सोडतं, आणि मागे राहिलेल्याला पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. क्रूझची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती फिरते. बरीचशी कामं घर सोडण्याआधीच उरकावी लागतात, आणि जहाजावर गेल्यावर त्याच्या घड्याळाप्रमाणे चालावं लागतं.

केबिनचं आधी बघू, कारण जहाज भरलेलं असेल तर चढल्यावर ती बदलून मिळत नाही. पाच जणांना दोन केबिन लागतील. बुकिंग करताना ‘शेजारशेजारच्या’ आणि ‘कनेक्टिंग’ यांतला फरक विचारून घ्या. कनेक्टिंग म्हणजे मधल्या भिंतीत दार असलेल्या. तुमच्यासाठी त्या उत्तम. पण दाराच्या पलीकडे आपलीच माणसं असतील तरच, कारण त्या दारातून पलीकडचं बोलणं आणि टीव्ही बऱ्यापैकी ऐकू येतो. बहुतेक कंपन्यांना कागदोपत्री प्रत्येक केबिनमध्ये एक प्रौढ माणूस हवा असतो. दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडायला सांगा, म्हणजे जेवणाचं टेबल एकच मिळवता येतं. आणीबाणीत जमायची जागा मात्र केबिनवरून ठरते. केबिन लांब-लांब असतील तर आजी-आजोबा एका ठिकाणी आणि नात दुसऱ्या ठिकाणी, असं होऊ शकतं.

आता केबिनची जागा. जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलतं. त्याचं पुढचं आणि मागचं टोक आळीपाळीने वर-खाली होतं, आणि ते डावी-उजवीकडे कलतं. बागेतल्या सी-सॉच्या टोकाला बसलेलं पोर सगळ्यात उंच जातं आणि मध्ये बसलेल्याला हालचाल जेमतेम जाणवते, तसंच इथे. शिवाय जितकं वरच्या मजल्यावर जावं तितकं कलणं जास्त जाणवतं. जहाजाच्या पोटातून पाण्यात बाहेर निघणारे पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, हे कलणं बरंच कमी करतात. टोकांच्या वर-खाली होण्यावर मात्र त्यांचा उपाय नाही. म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर केबिन घ्यावी. उंचावरच्या आणि अगदी पुढच्या केबिन जाहिरातीत आकर्षक दिसतात, पण समुद्र खवळला की सगळ्यात जास्त हेलकावे तिथेच बसतात.

केबिन निवडताना डेक प्लॅनचे, म्हणजे जहाजाच्या मजलेवार नकाशाचे, तीन मजले उघडा: आपला, त्याच्या वरचा आणि त्याच्या खालचा. वर केबिन, खाली केबिन अशी जागा सगळ्यात शांत. वर पोहण्याचा तलाव असेल तर भल्या पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. वर बुफे असेल तर ट्रॉल्यांची खडखड असते. खाली नाट्यगृह किंवा डान्स फ्लोअर असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोलाचा दणका गादीतून जाणवतो. अगदी पुढच्या बाजूला, जहाज धक्क्याला लागताना किंवा नांगर टाकताना, पहाटे साखळीचा खडखडाट आणि थ्रस्टरची, म्हणजे जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्यांची, थरथर होते. नकाशावर काहीही न लिहिलेले कोरे चौकोन असतात, तिथे बऱ्याचदा कर्मचाऱ्यांची पँट्री किंवा सामानाची खोली असते. अशा चौकोनाला लागून असलेली केबिन टाळावी. खिडकीसमोर बचावनौका टांगलेली आहे का तेही बघा. तशा केबिन ‘अडलेलं दृश्य’ म्हणून स्वस्तात मिळतात आणि ज्यांना फक्त उजेड हवा त्यांना चालतात.

आई-बाबांसाठी लिफ्टपासून पाच-सहा दारं सोडून केबिन घ्या. अगदी लिफ्टसमोर नको, कारण कार्यक्रम सुटला की तिथे गर्दी आणि गलका असतो. लांबीचा अंदाज यावा म्हणून सांगतो: 2024 पासून चालू असलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज 365 मीटर लांब आहे. इतक्या मोठ्या जहाजावर एका टोकाच्या केबिनमधून दुसऱ्या टोकाला जेवायला जाऊन परत यायचं म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त चाल होते, तीही दिवसातून तीनदा. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी केबिन आणि जेवणाचा हॉल एकाच लिफ्टवर असणं बाल्कनीपेक्षा मोलाचं ठरतं. तरीही पैसे कुठे थोडे जास्त घालायचे असतील तर ते आई-बाबांच्या बाल्कनीत घाला. ज्या बंदरात ते उतरणार नाहीत, तिथला दिवस त्यांचा बाल्कनीतच जाईल. कनेक्टिंग दाराचा हट्ट नसेल तर तुम्हा तिघांना आतली, बिनखिडकीची केबिन चालून जाते. ती दिवसाही गडद अंधारी असते, त्यामुळे बॅटरीवर चालणारा छोटा दिवा मुलीच्या उशाशी ठेवा. ‘गॅरंटी’ केबिन, म्हणजे प्रकार तुमचा पण क्रमांक कंपनीच्या मर्जीचा, हा सौदा अशा कुटुंबाने करू नये.

व्हीलचेअर लागणार असेल तर ते बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. रुंद दाराच्या आणि बाथरूमला उंबरठा नसलेल्या केबिन मोजक्या असतात आणि लवकर जातात. साध्या केबिनच्या बाथरूमला चांगला उंच उंबरठा असतो, आणि पहिल्या रात्री झोपेत त्यालाच ठेच लागते.

बोट लागण्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: औषध मळमळ सुरू होण्याआधी घ्यायचं असतं. एकदा उलट्या लागल्या की गोळी पोटात टिकत नाही. मेक्लिझिन हालचाल सुरू होण्याच्या साधारण तासभर आधी घेतात आणि तिचा परिणाम बराच वेळ टिकतो. डायमेनहायड्रिनेट अर्धा ते एक तास आधी घेतात, पण ते चार ते सहा तासांनी पुन्हा घ्यावं लागतं. दोन्हींनी झोप येते, त्यामुळे सोबत दारू नको. स्कोपोलामाइनचा पॅच कानामागे किमान चार तास आधी लावतात आणि तो तीन दिवस चालतो. हात मात्र लगेच धुवायचे, कारण औषध बोटावरून डोळ्यात गेलं तर बाहुली विस्फारते आणि दिसणं धूसर होतं. हा पॅच लहान मुलांना लावत नाहीत. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वृद्धांना तो अपायकारक ठरू शकतो आणि उतारवयात त्याने गोंधळल्यासारखंही होतं. म्हणून आई-बाबांसाठी आणि मुलीसाठी कुठलं औषध, किती मात्रेत, हे घरच्या डॉक्टरांकडून लिहून आणा आणि प्रत्येकाने ते निघण्याआधी एकदा घरीच घेऊन पाहावं.

गोळीखेरीज उपाय साधे आहेत. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंब भरू नका. कोरडं, बेताचं खा, आल्याचा तुकडा चघळा. डोकं गरगरायला लागलं की केबिनमध्ये पडून फोन बघत बसू नका. मधल्या भागातल्या खालच्या मोकळ्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे नजर लावा. कान सांगतात हलतोय, डोळे सांगतात स्थिर आहे, या भांडणातून मळमळ होते. क्षितिज बघितलं की डोळ्यांनाही हालचाल दिसते आणि भांडण मिटतं. आतल्या केबिनमधून क्षितिज दिसत नाही, हाच तिचा खरा तोटा आहे.

कागदपत्रांत सगळ्यात मोठी चूक व्हिसाची होते. ज्या देशांच्या बंदरांना जहाज लागणार, त्या सगळ्यांच्या अटी तपासा. तुम्ही जहाजातून उतरणार नसलात तरी व्हिसा नाही म्हणून कंपनी चढू न देण्याची शक्यता असते. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, असेल तर तो एकदाच प्रवेशाचा आहे की अनेकदा, ते बघा. ग्रीसहून निघालेलं जहाज तुर्कस्तानला जाऊन पुन्हा ग्रीसला येतं, तेव्हा शेंगेनमध्ये तुमचा दुसरा प्रवेश होतो. पासपोर्ट प्रवास संपल्यावर किमान सहा महिने चालू असावा आणि बुकिंगमधलं नाव त्यावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळावं. पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागणार असेल तर लस दहा दिवस आधी घ्यावी लागते, कारण प्रमाणपत्र तेव्हापासून ग्राह्य धरतात. कुटुंबातल्या कुणी गरोदर असेल तर प्रवासाच्या शेवटी 24 आठवडे होत नाहीत ना ते मोजा. त्यापुढे बहुतेक कंपन्या घेत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळालाही सहसा घेत नाहीत.

विमानाने जायचं असेल तर जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी पोहोचा. मला यात सूट द्यावीशी वाटत नाही. प्रवाशांची यादी आधी द्यावी लागत असल्याने चेक-इन जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होतं, म्हणजे तिकिटावरची सुटण्याची वेळ ही पोहोचण्याची वेळ नव्हे. परतीचं विमानही घाईचं घेऊ नका. सकाळी सातला धक्क्याला लागलेल्या जहाजातून सगळे उतरेपर्यंत, कस्टम आणि रस्ता धरून, दुपारी बाराच्या आतलं विमान जीव टांगणीला लावतं.

विमा घ्या, आणि त्यात वैद्यकीय स्थलांतर, म्हणजे समुद्रावरून किंवा परक्या बंदरातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च, स्पष्ट लिहिलेला असू द्या. जहाजावरचं वैद्यकीय केंद्र ताप, जखम, सलाईन, ईसीजी आणि तातडीचे उपचार सांभाळतं. मोठी शस्त्रक्रिया तिथे होत नाही, आणि प्रत्येक तपासणीचं बिल तुमच्या खात्यावर चढतं. आधीपासूनचे आजार विम्याच्या अर्जात लपवले की दावा फेटाळला जातो, आणि सत्तरीतल्या माणसांच्या बाबतीत तिथेच सगळं अडतं.

मोठ्या बॅगा बंदरावर हमालांकडे द्यायच्या असतात. बॅगांना कंपनीचा छापील टॅग घडी घालून स्टेपल करा आणि वरून चिकटपट्टी मारा, कारण साधा कागद फाटतो. त्या बॅगा केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून हातातल्या पिशवीत पासपोर्ट, सगळी औषधं (पूर्ण प्रवासाची, आणि वर चार दिवसांची), डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चार्जर, दागिने आणि मुलीचा पोहण्याचा पोशाख ठेवा. पहिल्या दुपारी तलाव जवळजवळ रिकामा असतो आणि ज्यांचे कपडे बॅगेत अडकले ते काठावरून बघत बसतात. इन्सुलिन असेल तर केबिनच्या मिनीबारवर विसंबू नका. तो नुसता गारवा देतो. औषधासाठी वेगळा छोटा फ्रिज आधी कळवून मागता येतो.

इस्त्री, किटली, मेणबत्ती आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा भाग) असलेला एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका. तपासणीत सापडला की बॅग सुरक्षा विभागाकडे अडकते. संध्याकाळपर्यंत एखादी बॅग आलीच नाही तर कारण बहुधा हेच असतं. सर्ज प्रोटेक्टर न नेण्याचा आग्रह उगाच नाही. घरच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, जहाजावर सहसा तसा नसतो. त्यामुळे घरासाठी बनवलेला प्रोटेक्टर तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 2013 मध्ये यावर खास इशारा काढला होता. सर्ज नसलेला, तीन-चार यूएसबी तोंडांचा चार्जर चालतो. अनेक जहाजांवर एक सॉकेट 110 व्होल्टचं सपाट पिनांचं आणि एक 220 व्होल्टचं गोल पिनांचं असतं, तेव्हा अ‍ॅडॉप्टर घ्या. लोहचुंबकाचे हुक मात्र जरूर न्या. केबिनच्या भिंती बहुतेक वेळा पोलादी असतात, आणि टोप्या, पिशव्या, ओले कपडे टांगायला त्यासारखी दुसरी सोय नाही.

चढल्यावर पहिलं काम मस्टर ड्रिलचं, म्हणजे आणीबाणीच्या कवायतीचं. कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं आणि 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या कित्येकांची कवायत दुसऱ्या दिवशी ठेवलेली होती. आधीचा नियम नव्या प्रवाशांची कवायत 24 तासांच्या आत घेण्याचा होता. 1 जानेवारी 2015 पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. आता बऱ्याच जहाजांवर फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या जमण्याच्या जागी जाऊन जहाजाचं कार्ड (तेच ओळखपत्र आणि केबिनची किल्ली) स्कॅन करायचं, एवढंच असतं. त्यामुळे लोक ती उरकून टाकतात. तुम्ही उरकू नका. केबिनपासून त्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालत जा, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरत नाहीत. आई-बाबांना किती वेळ लागतो ते घड्याळात बघा आणि जिना झेपत नसेल तर मदतीसाठी त्यांचं नाव आधीच नोंदवा. इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा. जीवरक्षक जाकिटं केबिनमध्ये आहेत की जमण्याच्या जागी, आणि लहान मुलाच्या मापाचं आहे का, हे त्याच वेळी विचारा. मुलगी मुलांच्या क्लबमध्ये असताना इशारा झाला तर तिला कोण, कुठे आणतं, हेही क्लबमध्ये नाव घालतानाच विचारून ठेवा. त्या वेळी उलट्या दिशेने तिला शोधायला धावायची पाळी येऊ नये.

बाल्कनीत खुर्ची-टेबल कठड्यापासून दूर ठेवा आणि मुलीला तिथे एकटी सोडू नका. बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडलं तर वाऱ्याच्या झोताने ते धाडकन आपटतं. जहाजाची दारं जड असतात, बोटं चिरडतात. मुलीला दाराच्या चौकटीवर हात न ठेवायची सवय पहिल्याच दिवशी लावा. कित्येक जहाजांच्या तलावावर जीवरक्षक नसतात, तेव्हा पाण्यात ती असताना डोळा तुमचाच हवा. संडास निर्वात पंपाने खेचला जातो. कागदाखेरीज काहीही टाकलं, अगदी ओला रुमाली वाइपसुद्धा, की आजूबाजूच्या केबिनचेही तुंबतात.

पोट बिघडण्याचं मोठं कारण नोरोव्हायरस, आणि त्याच्यावर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. बुफेच्या दारात हातावर मारलेल्या फवाऱ्याने मन शांत होतं, विषाणू मरत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद हात चोळा. हे जेवणाआधी करायचंच, आणि वाढून घ्यायचा चमचा हातात धरल्यानंतरही एकदा. तो चमचा शेकडो हातांतून फिरलेला असतो. संसर्गानंतर 12 ते 48 तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि सहसा एक ते तीन दिवस टिकतात. कुणाला सुरू झालेच तर लपवू नका, वैद्यकीय केंद्राला कळवा. केबिनमध्ये राहावं लागेल, पण बाकीच्या चौघांचा प्रवास वाचेल. वृद्धांना आणि लहानांना शरीरातलं पाणी कमी होण्याचा धोका जास्त, तेव्हा ओआरएसची पाकिटं औषधांच्या पिशवीत असू द्या.

आता बंदरं. आपापलं फिरायला हरकत काहीच नाही, उलट छोट्या बंदरात तेच जास्त सुखाचं. पण आधी एक तपासा: वेळापत्रकात शहराचं नाव लिहिलेलं असलं तरी जहाज त्या शहरात लागतच असेल असं नाही. रोम म्हणजे चिवितावेक्किया, तिथून रोम 70 किलोमीटरच्या पुढे. फ्लॉरेन्स म्हणजे लिव्होर्नो, सुमारे 90 किलोमीटर. पॅरिस म्हणजे ल हाव्र, सुमारे 200 किलोमीटर. बर्लिन म्हणजे वार्नेम्युंडे, एका बाजूचा प्रवास जवळपास तीन तासांचा. अशा ठिकाणी आठ तासांच्या मुक्कामातले निम्मे तास रस्त्यात जातात. माझं मत असं: बंदर शहराला लागून असेल तर आपापलं फिरा, शहर तासाभराच्या पलीकडे असेल तर जहाजाच्याच सहलीने जा. जहाजाची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा त्या प्रवाशांना पुढच्या बंदरात पोहोचवायची जबाबदारी कंपनी घेते. तुम्ही ठरवलेली टॅक्सी पंक्चर झाली तर ती तुमची अडचण.

काही ठिकाणी धक्काच नसतो. जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि टेंडर, म्हणजे छोट्या बोटी, लोकांना किनाऱ्यावर नेतात. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर असंच आहे. वर गावात जायला केबल कार किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या, आणि संध्याकाळी परतणाऱ्यांची रांग केबल कारलाच लागते. टेंडरमध्ये चढताना बोट लाटेवर वर-खाली होत असते. बोट वर आली की खलाशाच्या हाताला धरून एकाच पावलात आत जायचं, हातातलं सामान आधी देऊन टाकायचं. व्हीलचेअर घेऊन टेंडरमध्ये जाणं बऱ्याचदा अशक्य असतं. लाटा वाढल्या तर असं बंदर ऐनवेळी रद्दही होतं, आणि करारात तो अधिकार कंपनीकडे असतो. परत मिळतात ते सहसा फक्त बंदराचे कर. म्हणून टेंडरच्या बंदरासाठी पैसे परत न मिळणारी बाहेरची तिकिटं काढू नका.

‘सर्व प्रवासी जहाजावर’ ही वेळ सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते, कधी तासभर आधीची. ती त्या दिवसाच्या पत्रकात आणि उतरायच्या दाराजवळच्या फलकावर लिहिलेली असते. फलकाचा फोटो काढा. पत्रकावरच बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचाही काढा. चुकामूक झाली तर पहिला फोन त्यालाच करायचा. आणि घड्याळ: जहाजाची वेळ आणि गावाची वेळ वेगळी असू शकते. फोन जमिनीजवळ आला की तिथल्या टॉवरची वेळ आपोआप घेतो, आणि ‘अजून तासभर आहे’ म्हणत कॉफी पीत बसलेल्यांचं जहाज असंच सुटतं. मनगटावर जहाजाच्या वेळेला लावलेलं साधं घड्याळ घाला, निदान आई-बाबांच्या हातावर तरी. खाली उतरताना जहाजाचं कार्ड, पासपोर्टची छायाप्रत, एका दिवसाची औषधं आणि थोडे रोख पैसे बरोबर हवेतच. मूळ पासपोर्ट न्यायचा की तिजोरीत ठेवायचा, ते त्या देशाच्या नियमावर असतं आणि जहाजावर तशी सूचना देतात. बुफेतली फळं, सँडविच बाहेर नेऊ नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एका सफरचंदासाठीही दंड होऊ शकतो.

फोनचं बिल टाळणं सोपं आहे. जहाजाने किनारा सोडला की फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मग फक्त वाय-फाय चालू करा. तसं केलं नाही तर फोन जहाजावरच्या उपग्रहाच्या मोबाइल सेवेला चिकटतो. ती नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा नसते, आणि मागे चालणारे अ‍ॅप गपचूप डेटा ओढतात. जहाजाचं स्वतःचं अ‍ॅप मात्र इंटरनेटचं पॅकेज न घेताही आतल्या वाय-फायवर बहुधा चालतं, ते घरूनच उतरवून घ्या.

तिकिटात राहणं, मुख्य हॉल आणि बुफेचं जेवण, बहुतेक कार्यक्रम आणि मुलांचा क्लब येतो. सहसा येत नाही ते असं: टिप, शीतपेयं आणि दारू, इंटरनेट, खास रेस्टॉरंटं, स्पा, फोटो आणि बंदरातल्या सहली. टिप बऱ्याच कंपन्या माणशी रोजच्या दराने आपोआप लावतात, मुलीचीही. तेव्हा पाच गुणिले सात असा हिशेब आधीच करा. पेयांवर आणि स्पावर साधारण 18 ते 20 टक्के सेवाशुल्क वेगळं लागतं. पेयांचं पॅकेज घेताना बऱ्याच कंपन्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यावं अशी अट घालतात. एकट्याच्या हौसेपायी दोघांचे पैसे जातात, म्हणून रोज किती पेयं खरंच घेणार ते मोजून ठरवा. इंटरनेट आणि पॅकेज प्रवासाआधी ऑनलाइन घेतलं तर सहसा स्वस्त पडतं.

जहाजावर खरेदीला रोख सहसा चालत नाही, बँकेचं कार्ड जहाजावरच्या तुमच्या खात्याला जोडतात. डेबिट कार्ड जोडू नका. कंपनी रोज अंदाजे रक्कम रोखून ठेवते आणि ती मोकळी व्हायला प्रवास संपल्यावरही दिवस लागतात. तेवढा काळ तुमचाच पैसा तुम्हाला मिळत नाही. बिल तुमच्या चलनात करू का असं विचारलं तर नाही म्हणा, जहाजाच्या चलनातच करा. रूपांतराचा तो दर महाग असतो. मुलीच्या जहाजाच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी बंद करून घ्या, नाहीतर गेम खेळायच्या खोलीतलं बिल शेवटी कळतं. तिसऱ्या दिवशी आणि सहाव्या दिवशी खातं उघडून एकेक ओळ वाचा. चुकीची नोंद त्याच दिवशी दाखवली तर लगेच काढतात. शेवटच्या सकाळी त्याच काउंटरवर शेकडो माणसांची रांग असते.

कुणाला एखादा पदार्थ वर्ज्य असेल किंवा अ‍ॅलर्जी असेल तर कंपनीला महिना-दोन महिने आधी लेखी कळवा. जहाजावर पहिल्याच संध्याकाळी टेबलाच्या मुख्य वाढप्याला भेटा. तो उद्याचा मेनू आज दाखवतो, आणि आदल्या रात्री सांगितलेलं जेवण नीट मिळतं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा नवे टॅग लावून साधारण अकरापर्यंत दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या रात्रीतच खाली जातात आणि सकाळी बंदरावर मिळतात. आधी उद्याचे कपडे, अंतर्वस्त्रं, सकाळच्या गोळ्या आणि पाचही जणांच्या चपला-बूट पलंगावर मांडून ठेवा, मगच बॅगा बंद करा. उरलेलं सगळं बॅगेत गेलं आणि सकाळी अंगावर नाइटड्रेस, पायात जहाजाच्या कागदी सपाता, असं दर फेरीला कुणा ना कुणाचं होतं. आई-बाबांना व्हीलचेअर हवी असेल तर उतरण्याची वेळ आदल्या दिवशीच घ्या, कारण ती मदत मागणाऱ्यांची वेगळी रांग लागते.

सकाळी तिजोरी रिकामी करून तिचं दार सताड उघडं ठेवा आणि आत हात फिरवून बघा. पासपोर्ट काळ्या तळाशी मागे सरकलेला असला की वरून दिसत नाही.